सात रात्री, आठ दिवस

वाशीला सेक्टर सतरात, दुसऱ्या मजल्यावर
टूरवाल्यांच्या ऑफिसात एसी इतका गार
की हे म्हणाले, झालं, गंगटोक इथेच आलं.
कुणी हसलं नाही. मीही नाही.

काउंटरवर दर्पणा म्हात्रे नावाची मुलगी,
आमच्या शलाकापेक्षा चारेक वर्षांनी लहान.
हल्ली मी सगळ्याच मुलींची वयं
शलाकावरून मोजते.
ती म्हणाली, रद्द केलं तर अर्धे पैसे जातात,
पुढे ढकललं तर वर्षभर चालतं,
फक्त एकदाच ढकलता येतं.

ढकला, हे म्हणाले.
कांदा-बटाटा मार्केटात एकतीस वर्षं हिशेब लिहिलेला माणूस,
गोणीमागे घट किती धरायची ते त्यांना कळतं.

मग कारणाचा रकाना आला.
दोन बोटं रुंद.

त्यात काय मावणार होतं?
बॅगा भरत होतो त्या संध्याकाळी,
थर्मल वर ठेवायचं की तळाला, यावरून आमचं वाजलं होतं,
तेवढ्यात बेल वाजली.
दारात शलाका. एक बॅग तिच्या हातात,
दुसरी रिक्षावाला चार जिने चढवून आणत होता,
कोपरखैरण्यात कुठला रिक्षावाला जिने चढतो?
त्यानेही तिचा चेहरा पाहिला असणार.
"किती झाले?" ह्यांनी त्याला विचारलं.
तेवढंच सुचलं त्यांना.

रात्री पाणी प्यायला उठले
तर पॅसेजमध्ये चार बॅगा,
जायच्या कुठल्या, आलेल्या कुठल्या
अंधारात कळेना.

दर्पणा हळूच म्हणाली, काका, मेडिकल असेल
तर ढकलायचा चार्जही लागत नाही,
डॉक्टरांची चिठ्ठी आणा फक्त.
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.
खालचे डॉक्टर सावे एका शब्दावर देतील,
माझा गुडघा दुखतोच तसाही.
पण हे म्हणाले, नाही हो, आजारी कुणी नाही.
आणि वळणदार अक्षरात लिहिलं: घरगुती.

मुलगी घरी आलीय.
किती लाडाचं वाक्य होतं हे.
आता शेजारच्या गुणेवहिनींना ते
कुठल्या आवाजात सांगायचं?
अगं, गेला नाहीत? त्या विचारतात.
तिकडे रस्ता खचलाय, मी म्हणते.
खचतोच की दर वर्षी.
अगदीच खोटं नाही.

कार्यक्रमपत्रिका मी फ्रिजवरून काढली नाही.
दिवस तिसरा: पहाटे चारला उठून कांचनजंगा दर्शन,
आकाश स्वच्छ असल्यास.
तर चारला जाग आलीच.
शलाका गॅलरीत, ग्रिलला कपाळ टेकून.
मी शेजारी जाऊन उभी राहिले, शाल न घेता,
बोलले काहीच नाही.
समोरच्या बिल्डिंगच्या काळ्या टाक्या हळूहळू दिसू लागल्या,
मग त्यांच्या झाकणांवर जरा ऊन आलं.
"आई, तुझा गुडघा," ती म्हणाली, "बस ना."
चार दिवसांतलं तिचं पहिलं लांब वाक्य.

टूरवाल्यांनी फुकट दिलेली केशरी सॅक
परत करायची का, मी विचारलं होतं.
राहू द्या काकू, दर्पणा म्हणाली, पुढच्या वर्षी लागेल.
मंगळवारीच लागली.
लग्नाचा दाखला, बँकेची पासबुकं, पाण्याची बाटली,
आणि प्रवासासाठी वळलेले राजगिऱ्याचे लाडू,
मऊ पडायच्या आत संपवायला हवेत म्हणून.

बेलापूरला कोर्टाबाहेरच्या बाकावर
हे सॅक मांडीवर धरून बसले,
विमानतळावर बसतात तसे, सारखं घड्याळ बघत.
पलीकडच्या बाईने सॅकवरचं नाव वाचलं.
"कुठं, टूरला का?"

ह्यांचा घसा अडकला.
"हो," शलाका म्हणाली,
"तारीख मिळायचीय अजून."
आणि लाडवांचा डबा उघडून
आधी त्या बाईपुढे धरला.